दुपारी दोनच्या आत: बुसानमध्ये शिकवताना मैत्रिणीचे सात दिवस

कोरियात इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी माणसाची नोकरी बहुधा ‘हागवॉन’मध्ये, म्हणजे खासगी शिकवणीत असते. मुलं शाळा सुटल्यावर तिथे येतात. त्यामुळे शिक्षकाचा दिवस दुपारी दोनच्या सुमारास उघडतो आणि रात्री नऊला मिटतो. पुण्याहून आठवडाभरासाठी मैत्रीण येणार असेल तर ही वेळ अडचणीची वाटते, पण तीच सोयीची आहे. भारत कोरियाच्या साडेतीन तास मागे आहे. बुसानमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा तिच्या शरीराला साडेसहा वाजलेले असतात. तुम्ही रात्री साडेनऊला घरी येता तेव्हा तिच्या हिशोबाने संध्याकाळचे सहा, म्हणजे ती अगदी ताजीतवानी. सकाळ दोघींची, दुपार तिची एकटीची आणि रात्रीचं जेवण पुन्हा एकत्र, असा आठवडा बेतला की रजा घ्यावी लागत नाही. हागवॉनमध्ये रजा मोजक्याच असतात आणि तुमच्या जागी उभं राहायला बहुतेक वेळा कोणी नसतं.

आधी दोन शब्द व्हिसाबद्दल. शिकवण्याचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. म्हणून हागवॉनमध्ये भेटणारी मराठी माणसं बहुधा यांपैकी एखाद्या देशाचं पारपत्र असलेली असतात. भारतीय पारपत्रावर येणाऱ्यांसाठी २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया आर्थिक करारातून सरकारी शाळांत सहायक शिक्षकाची वाट आहे. तिथे वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी साडेचार अशी असते आणि खाली दिलेला दिवसाचा क्रम उलटा करावा लागतो.

ती निघण्यापूर्वी

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा निवडा. पानं रंगलेली असतात, हवा कोरडी असते आणि स्वेटरवर एक जाकीट पुरतं. जूनअखेर ते जुलै पावसाचे, ऑगस्ट-सप्टेंबर वादळांचे. छुसॉक आणि सॉल्लाल या दोन सणांना अख्खा देश गावी निघतो आणि रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत. नोव्हेंबरच्या मध्यात एका गुरुवारी ‘सुनुंग’ ही महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा असते. त्या दिवशी इंग्रजीचा श्रवण भाग चालू असताना दुपारी सुमारे ३५ मिनिटं देशभर विमानांचं उड्डाण आणि उतरणं थांबवतात. तिचं विमान त्या वेळेला उतरणारं असेल तर आधीचं किंवा नंतरचं घ्यावं.

भारतीय पारपत्रधारकाला पर्यटक व्हिसा आधीच काढावा लागतो. तुम्ही तिला निमंत्रणपत्र, तुमच्या परदेशी नोंदणी कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत आणि हागवॉनकडून मिळणारा नोकरीचा दाखला (जेजिक जुंगम्यॉंगसॉ) पाठवा. निमंत्रणपत्रातल्या तारखा आणि तिच्या तिकिटाच्या तारखा तंतोतंत जुळायला हव्यात. निघण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन अर्ज भरायचा, तो मोफत आहे.

तिकीट इंचॉनचं नको, बुसानच्या गिम्हे विमानतळाचं काढायला सांगा. मुंबईहून सिंगापूर, बँकॉक, हाँगकाँग किंवा हो ची मिन्ह इथे एकदा विमान बदललं की थेट गिम्हे गाठता येतं. इंचॉनला उतरलं तर आधी सोल स्टेशन, मग वेगवान रेल्वेने अडीच-पावणेतीन तास, आणि हे सगळं रात्रभराच्या प्रवासानंतर, हातात दोन बॅगा घेऊन.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घर हागवॉनने दिलेलं असेल तर करारनामा काढून वाचा. काही करारांत मुक्कामी पाहुण्यांना मनाई असते. नसली तरी वॉन्जांगनीमना, म्हणजे संचालकांना, आधी सांगून ठेवावं. ती वर्ग बघायला येणार असेल तर त्याचीही परवानगी तेव्हाच घ्या. मुलांचे फोटो अजिबात नकोत आणि पर्यटक व्हिसावर असताना तिने वर्गात पाच मिनिटंही शिकवू नये. त्याचा त्रास तुम्हा दोघींना होऊ शकतो.

सामानात काय आणावं? मेतकूट, गोडा मसाला, पोहे, भाजणी, लसणाची कोरडी चटणी. ताजी फळं, कढीपत्ता, मिरच्या, कोणतंही बी-बियाणं आणि मांसाचे पदार्थ आणू नयेत, विमानतळावर ते काढून घेतात. दुधाचे पदार्थही टाळलेले बरे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध इथे अमली पदार्थांत धरतात, ते घरीच ठेवावं. बाकी औषधांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी असू द्या. वीज २२० व्होल्टचीच आहे, पण भोक मोठं आणि गोल. आपला बारीक दोन पिनांचा चार्जर चालतो, तीन पिनांचा चालत नाही.

पहिला दिवस, गुरुवार: घर समजावणं

विमानतळावरून बुसान-गिम्हे लाइट रेल पकडायची. गाडीला चालक नसतो. तिसरं स्थानक सासांग, तिथे मेट्रोची दोन नंबरची लाइन मिळते. तुम्ही वर्गात असाल तर तिने हे एकटीने करायचं आहे. म्हणून स्थानकांची नावं कोरियन लिपीतही पाठवून ठेवा. विमानतळावरच्या दुकानात टी-मनी, म्हणजे बस-मेट्रोच्या भाड्याचं, कार्ड मिळतं, पण त्यात पैसे भरायला बहुतेक ठिकाणी रोख नोटाच लागतात. तेव्हा उतरल्यावर थोडे वॉन हातात हवेत. बसमधून उतरतानाही कार्ड टेकवायचं. नवीन माणूस नेमकं हेच विसरतो आणि मग अर्ध्या तासातल्या पुढच्या गाडीची सवलत जाते. नकाशासाठी नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्या. कोरिया तपशीलवार नकाशांची माहिती देशाबाहेर सहज जाऊ देत नाही, त्यामुळे चालत जायच्या वाटेसाठी गूगलवर भिस्त ठेवणं इथे अंगाशी येत आलं आहे.

आता घर. एका खोलीच्या घरात पाहुणा अडतो तो चार ठिकाणी.

दार: कुलूप आकड्यांचं असतं. आकडे दाबून शेवटी तारा दाबायचा. तीन-चारदा चुकलं की ते ओरडायला लागतं आणि काही मिनिटं उघडत नाही. आकडा फोनमध्येही असावा आणि कागदावरही, कारण फोनची बॅटरी नेमकी दारातच संपते.

न्हाणीघर: शॉवरची नळी बेसिनच्या नळालाच जोडलेली असते. कळ शॉवरकडे राहिली असेल तर हात धुवायला गेलेली पाहुणी कपड्यांसकट भिजते. वापर झाल्यावर कळ नळाकडे फिरवायची, एवढं आल्याआल्या दाखवून द्या.

जमीन: ओंदोल म्हणजे जमिनीखालून गरम पाणी फिरवून खोली उबदार ठेवण्याची पद्धत. भिंतीवरच्या बॉइलरच्या पाटीवर ‘ओएछुल’ (बाहेर गेले) असं बटण असतं. ते चालू राहिलं तर फक्त नळ गोठणार नाहीत इतपतच उष्णता मिळते. जमीन तापायला तासभर लागतो, म्हणून ती यायच्या आधी लावा. तिची गादी (यो) जमिनीवर घातली की पाठ छान शेकते. मात्र लाडवांचा डबा, चॉकलेट आणि औषधं जमिनीवर ठेवू नका. तुपाचे लाडू सकाळी डब्याच्या तळाशी बसलेले असतात.

कचरा: याला जरा वेळ द्यावा लागतो. १९९५ पासून कोरियात कचऱ्याचे पैसे पिशवीवर मोजतात. प्रत्येक प्रभागाची पिशवी वेगळी, ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि शेजारच्या प्रभागाची चालत नाही. उरलेलं अन्न वेगळं टाकायचं, त्यातून जनावरांचं खाद्य आणि खत होतं. आपली गल्लत इथेच होते, कारण आपण ‘ओला कचरा’ म्हणून जे टाकतो ते सगळं त्यात बसत नाही. कांद्या-लसणाची सालं, अंड्यांची टरफलं, हाडं, चहाचा चोथा हे सगळं साध्या कचऱ्यात जातं. जनावर जे खाऊ शकणार नाही ते अन्न नव्हे, ही खूण सांगितली की तिच्या लक्षात राहील. तळणाचं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही.

शेगडी बहुतेक ठिकाणी इंडक्शन असते, तिच्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटलं तरच ते आणावं. आणि हिंगाची फोडणी देण्यापूर्वी खिडकी उघडून पंखा लावा. वास जिन्यात दोन मजले फिरतो आणि भिंती पातळ असतात.

दुसरा दिवस, शुक्रवार: गामछन आणि नाम्पो

सकाळी नऊला निघा. मेट्रोच्या पहिल्या लाइनवर थोसॉंग स्थानक, सहा नंबरचं दार, तिथून डोंगर चढणारी छोटी गावबस. गामछनची निळी-गुलाबी घरं फोटोंतून सगळ्यांना माहीत असतात. पण ती डोंगरावर पायऱ्यापायऱ्यांनी का चढली हे तिला सांगा. १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धात बुसान ही तात्पुरती राजधानी होती. निर्वासित इतके आले की सपाट जागा उरली नाही. मग जिथे जमेल तिथे, अगदी शेजारच्या आमी-दोंगमध्ये जुन्या जपानी दफनभूमीच्या थडग्यांवरही, घरं उभी राहिली. रंग आणि चित्रं आली ती २००९ नंतर. इथे आजही लोक राहतात, म्हणून दहाच्या आत पोचावं, आवाज खाली ठेवावा आणि कोणाच्या खिडकीत कॅमेरा नको.

साडेअकराला उतरून नाम्पोला या, एकत्र जेवा आणि तुम्ही कामाला जा. ती एकटी गुकजे बाजार आणि जागालची मासळीबाजार बघेल. पण जेवणाचा प्रश्न आज सोडवून ठेवलात तर पुढचे पाच दिवस सोपे जातील.

शाकाहारी पाहुणीला कोरियात मांस चुकवता येतं, मासा चुकवणं अवघड. बहुतेक रश्श्यांचं पाणी सुक्या म्योल्छीत, म्हणजे आपल्या मांदेलीच्या जातकुळीतल्या छोट्या मासळीत, उकळलेलं असतं. किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचं पाणी असतं. तॉकबोक्की दिसायला निव्वळ तांदळाच्या कांड्यांची, पण रस्सा मासळीचा आणि त्यात फिशकेक. ‘भाजी किंबाप’मध्येही (समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भातात) हॅम निघतं. ‘मी शाकाहारी आहे’ असं नुसतं सांगितलं तर वरचे तुकडे काढून देतात, रस्सा तोच राहतो. म्हणून चार वस्तूंची नावं घ्यावीत: कोगी (मांस), सेंगसॉन (मासा), म्योल्छी युकसू (त्या मासळीचं पाणी) आणि जॉतकाल (खारवलेली मासळी). पुढे ‘प्पे जुसेयो’, म्हणजे ‘काढून द्या’. हे कोरियन लिपीत छापलेलं कार्ड तिच्या पाकिटात असू द्या.

निर्धास्त खाण्यासारखं: भाजलेली रताळी, कोंगगुक्सू (सोयाबीनच्या थंड दुधातल्या शेवया, पण त्या उन्हाळ्यातच), मांस काढलेला बिबिंबाप (भाज्या कालवून खायचा भात), बटाट्याचं थालीपीठच म्हणता येईल असं गामजाजॉन. बिबिंबापवर घालायची तिखट पेस्ट कधीकधी खिम्यात परतलेली असते, तेवढं विचारून घ्यावं. नाम्पोतल्या बिफ चौकात बिया आणि गूळसाखर भरलेला गरम होत्तॉक मिळतो. रांग मोठी असली तरी भराभर सरकते. एकादशी मध्ये आलीच तर रताळी आणि दाणे कुठेही मिळतात, साबुदाणा मात्र तिने आणलेला असावा.

मैत्रीण मासे खाणारी, रत्नागिरी-मालवणची असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा आणि तिला थेट जागालचीत सोडा. गोदुंगॉ म्हणजे बांगड्याचा थोरला, जास्त तेलकट भाऊ. तो बुसानचा नगरमासा आहे. साम्छी सुरमईच्या घरातली, गाल्छी आपली वाकटी. मीठ लावून जाळीवर भाजलेली साम्छी आणि भात, एवढं जेवण पुरे.

तिसरा दिवस, शनिवार: ग्योंगजू

सुट्टीचे दोन दिवस लांबच्या ठिकाणांना. पहिल्या लाइनच्या शेवटच्या नोपो स्थानकावरून ग्योंगजूची, म्हणजे सिल्ला या जुन्या राज्याच्या राजधानीची, बस पकडा, तासाभरात गावात उतराल. वेगवान रेल्वे जास्त जलद वाटते, पण तिचं स्थानक गावाबाहेर आहे आणि वाचलेला वेळ तिथून आत येण्यात जातो.

ग्योंगजूत उतरल्यावर १० किंवा ११ नंबरच्या बसने बुलगुकसा मंदिर आणि तिथून १२ नंबरने वर सॉकगुराम, बुद्धाचं दगडी गर्भगृह. ही १२ नंबर तासाला एकच असल्यासारखी असते. ती चुकली तर टॅक्सी करा किंवा सव्वादोन किलोमीटरची चढण चाला. आधी वर जाऊन मग खाली बुलगुकसा बघणं बरं, कारण दुपारी वर गर्दी दाटते. बुलगुकसाचं प्रवेशशुल्क मे २०२३ पासून माफ आहे.

सॉकगुरामसमोर मराठी माणसाने घाई करू नये. कार्ले, भाजे, अजिंठा बघितलेल्या डोळ्यांना हे लेणंच वाटतं, पण ते खोदलेलं नाही. आपला बेसॉल्ट छिन्नीला दाद देतो, इथला ग्रॅनाइट देत नाही. म्हणून आठव्या शतकात सिल्लाच्या कारागिरांनी दगड घडवले, घुमट रचला आणि वरून माती टाकून डोंगर केला. भारतातून निघालेली लेण्याची कल्पना चीनमार्गे इथवर आली आणि इथल्या दगडाने तिची रीत उलटी केली. आत बसलेला बुद्ध पूर्वेच्या समुद्राकडे पाहतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी राजवटीत दुरुस्ती करताना सिमेंट वापरलं गेलं. तेव्हापासून आत दमट हवा साचू लागली, आणि म्हणूनच आज काचेबाहेरून बघावं लागतं. फोटोला बंदी आहे. दहा मिनिटं नुसतं उभं राहायला सांगा.

दुपारी देरुंगवॉनच्या गवती टेकड्या, म्हणजे राजांच्या समाध्या. छॉनमाछोंग या एका समाधीच्या आत जाता येतं. पुढे चालत छॉम्सॉंगदे ही सातव्या शतकातली वेधशाळा. अंधार पडल्यावर वोल्जी तळं, दिव्यांचं प्रतिबिंब पाण्यात पडतं तेव्हा. ह्वांगनाम-प्पांग हा लाल चवळीच्या पुरणाचा छोटा गोळा परतीच्या बससाठी बांधून घ्या. अंडं चालत नसेल तर नको.

चौथा दिवस, रविवार: गिम्हे

त्याच लाइट रेलने विमानतळाच्या पुढे. सुरो राजाच्या समाधीच्या नावाचं स्थानक आहे. तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ या ग्रंथात म्हटलं आहे की इसवी सन ४८ मध्ये ‘आयुता’ देशाची सोळा वर्षांची राजकन्या जहाजातून आली आणि तिने गाया राज्याच्या सुरोशी लग्न केलं. तिचं नाव हॉ ह्वांग-ओक. आयुता म्हणजे अयोध्या असं मानून शरयूकाठी तिचं स्मारकही उभं आहे. ग्रंथ घटनेनंतर बाराशे वर्षांनी लिहिलेला, त्यामुळे याला इतिहास म्हणून सांगू नये. पण राणीच्या समाधीजवळचा ‘फासा’ नावाचा दगडी मनोरा, जो तिने लाटा शमवायला जहाजात घातला अशी आख्यायिका आहे, आणि सुरोच्या समाधीच्या दारावरची माशांची जोडी आवर्जून दाखवा. गिम्हे किम कुळाचे लोक आजही स्वतःला या राणीचे वंशज मानतात. वर्गात किम आडनावाची मुलं भरपूर असतात, त्यांतली बरीच याच कुळातली. राष्ट्रीय संग्रहालय जवळच आहे. ते सोमवारी बंद असतं, म्हणून गिम्हे रविवारीच.

मग चालत दोंगसांग-दोंगच्या बाजारात. आसपासच्या कारखान्यांत काम करणारे नेपाळी, श्रीलंकन, उझबेक, व्हिएतनामी कामगार रविवारी इथे येतात. तूरडाळ, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आटा इथे मिळतो. साध्या कोरियन दुकानात कोथिंबीर क्वचितच दिसते. ज्वारी कोरियन बाजारातही असते (सुसू), पण ती बहुधा चिकट जातीची. तिची भाकरी थापताना हाताला लगदा लागतो आणि तव्यावर ती फुगत नाही. भाकरीचं पीठ तिनेच आणावं. रात्री घरी वरण-भात करा, चार दिवसांच्या तिखटगोड जेवणानंतर त्याची खरी गरज असते.

पाचवा दिवस, सोमवार: बॉमॉसा

आठला निघा. पहिल्या लाइनवर बॉमॉसा स्थानक, तिथून ९० नंबरची बस. ६७८ मध्ये स्थापन झालेलं हे मंदिर गुमजॉंगसान डोंगराच्या कुशीत आहे. अशा मोठ्या मंदिरांत दुपारी साधं जेवण मिळतं, आज आहे का हे गेल्यावर विचारून घ्या. यात कांदा-लसूणही नसतो, अगदी आपल्या चातुर्मासासारखं. लागेल तेवढंच वाढून घ्यावं, पानात काही टाकू नये आणि आपलं भांडं आपण धुवावं. साडेबाराला खाली उतरलं की दोनची वेळ गाठता येते.

ती परतीत ओनछॉनजांगला उतरू शकते, हे जुनं गरम झऱ्यांचं ठिकाण. सार्वजनिक न्हाणीत बायकांचा आणि पुरुषांचा विभाग वेगळा असतो, पण आत कपडे चालत नाहीत, पोहण्याचा पोशाखसुद्धा नाही. कुंडात उतरण्यापूर्वी बसून साबणाने आंघोळ करावीच लागते. हे तिला आधी सांगा, दारात पोचल्यावर कळलं तर ती परत फिरेल. संकोच वाटत असेल तर उघड्यावर फक्त पाय बुडवून बसण्याची जागाही तिथे आहे.

सहावा दिवस, मंगळवार: तिचा एकटीचा

आज तुम्ही झोपा. पाच दिवस रात्री बारापर्यंत गप्पा आणि सकाळी फिरणं यानंतर आवाज बसतो, आणि शिक्षकाचा आवाज बसला की काम थांबतं.

तिने हेउन्दे किनाऱ्याच्या टोकाला मिपोला जावं. जुन्या रेल्वेमार्गावर मिपो ते सोंगजॉंग ४.८ किलोमीटर किनाऱ्याची गाडी चालते. वरच्या रुळावरच्या चौघांच्या छोट्या डब्यांची तिकिटं आधीच संपतात. रुळांशेजारची पायवाट मोफत आहे आणि समुद्र तितकाच दिसतो. सोंगजॉंगहून टॅक्सीने हेदोंग योंगगुंगसा. मंदिर थेट लाटांवर, खाली उतरायला १०८ पायऱ्या. ओल्या दगडावर चपला घसरतात, बूट हवेत. परत येताना ओसिरियाहून रेल्वेने बेक्स्को, मग दोन नंबरच्या लाइनवर देयॉन.

तिथून चालत संयुक्त राष्ट्रांचं स्मृतिस्थान, जगातली या प्रकारची एकमेव दफनभूमी. हिवाळ्यात पाचला बंद होते. कोरियन युद्धात भारताने सैन्य नाही, वैद्यकीय पथक पाठवलं. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालची ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स नोव्हेंबर १९५० मध्ये बुसानलाच उतरली. युद्धविरामानंतर १९५३-५४ मध्ये युद्धकैद्यांचा ताबा सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शं. पां. पा. थोरात, कोल्हापूरकडचे. ते काम बुसानमध्ये नव्हे, उत्तरेला युद्धविरामरेषेजवळ चाललं. पण इथे उभं राहून ते आठवावं. ११ नोव्हेंबर या आठवड्यात येत असेल तर त्या दिवशी सकाळी अकराला इथे एक मिनिट स्तब्धता पाळतात.

एकटी असताना अडलीच तर १३३० हा पर्यटकांचा मदत क्रमांक, इंग्रजीत. रुग्णवाहिका ११९, पोलीस ११२.

सातवा दिवस, बुधवार: निरोप

सकाळी अंथरूण झटकून घडी करा आणि तिच्या उरलेल्या खाऊची वाटणी करा. गोछुजांग (तिखट मिरची पेस्ट) आणि किमची विमानतळावर द्रवात मोजतात, त्या मोठ्या बॅगेत आणि दोन पिशव्यांत गुंडाळून. घरी न्यायला साधं भाजलेलं गिम (समुद्री शेवाळाचे पातळ कागद) आणि तिळाचं तेल चांगलं. तेलाच्या बाटलीचं झाकण चिकटपट्टीने बंद करा. करमुक्त दुकानांत १५ हजार वॉनपासून पुढच्या खरेदीवर कर परत मिळतो, पण पारपत्र जवळ असेल तरच.

विमान संध्याकाळचं असलं तरी साडेबाराला तिच्याबरोबर सासांगपर्यंत जा. तिथून लाइट रेल तिची, मेट्रो तुमची. टी-मनी कार्डातली शिल्लक दुकानात परत मिळते, ५०० वॉन कापून. त्यापेक्षा तिने ते विमानतळाच्या स्थानकावरून बाहेर पडल्यावर पाकिटात घालून पुण्याला न्यावं आणि पुढे जी कोणी येईल तिला द्यावं, म्हणजे पुढच्या पाहुणीला गिम्हेला उतरल्यावर रोख नोटा शोधत फिरावं लागणार नाही.